उजेडाला धरून

बाबांनी चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या.
शाई पसरलेली, आकडा सरकलेला, कड तिरकी,
त्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही.
रिटायर झाल्यावर ते मेथीची जुडीसुद्धा
ट्यूबलाइटसमोर धरून बघतात.

त्यांच्यापुढे मी किटबोकला बसवलं,
जेलरोडच्या आमच्या हॉलमध्ये, रविवारी साडेदहाला.
म्हणजे उजेड भरपूर होता.

"नाव परत सांगा."
"किटबोक."
"अर्थ?"
"नशीब घेऊन येणारा."
बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"गाव?"
"शिलाँगच्या पुढे दोन तास."
बाबांच्या नकाशात शिलाँगच शेवटचं,
त्याच्या पुढे भिंत.

आई आधीच फितूर होती.
खरं तर आईचा गुडघा.
कॉलेज रोडच्या दवाखान्यात किटबोकनेच
तो सहा आठवड्यांत वाकवून दाखवला होता.
तेव्हापासून ती मांडी घालून जेवते
आणि त्याला किटू म्हणते.
"गुडघ्यावरून जावई ठरवतात का?"
"तुम्ही मला पोह्यांवरून ठरवलंत," आई म्हणाली,
"तेही काकूनं केले होते."

मग आठ महिने बाबा या विषयावर गप्प.
फक्त हवामानाच्या बातम्यांत
मेघालय आलं की आवाज वाढवायचे.

मे महिन्यात त्याची आई यायची ठरली.
किटबोक फोनवर म्हणाला, ती जैनसेम नेसून येईल,
स्टेशनवर लगेच ओळखाल.
बाबांनी अर्धंच ऐकलं.
"जैन आहेत? मग आधी नाही का सांगायचं!"
आणि घरातला कांदा-लसूण टोपलीसकट गच्चीवर गेला.
ती आली, चौकडीचं वस्त्र खांद्याला गाठ मारून,
पाणी प्यायली, आणि पहिला प्रश्न विचारला,
इथे सुकी मासळी चांगली कुठे मिळते?

बोलणं हिंदीत चाललं,
दोघांची हिंदी वेगवेगळी.
ती म्हणाली, आमच्यात मुलगा सासरी जातो.
मुलं आईचं आडनाव लावतात.
त्याला दोन्ही वेळा भात लागतो.
चिडला तर भांडत नाही, नुसता जेवत राहतो.
पोराला नीट सांभाळाल ना?

बाबा थांबले.
हे वाक्य तर त्यांचं होतं.
माझ्या बारशापासून घडी घालून ठेवलेलं,
मांडवात डोळे पुसत म्हणायचं म्हणून.
समोरची बाई ते आधीच म्हणून मोकळी झाली.
"म्हणजे," ते हळूच माझ्याकडे वळले,
"आपण मुलाकडचे?"
आणि जरा वेळाने, आणखी हळू,
"म्हणजे वडनेरे पुढे राहील?"

तिने पिशवीतून पान काढलं, चुना लावला,
सुपारीची फोड ठेवली. ओली, वासाची.
पाहुण्याला देतात ती, त्यांच्याकडे.
इथे पाहुणी तीच होती, तरी तिनेच दिली.
बाबांनी सवयीने फोड खिडकीशी धरली,
मग तोंडात टाकली.
मिनिटभरात कान लाल, कपाळावर घाम,
बाहेर चाळीस डिग्री आणि आत त्याहून वर.
आईने पंखा पाचवर नेला
आणि बाल्कनीतून हाक मारली,
"अहो कुलथेवहिनी, या, आमच्याकडे सुपारी फुटली!"

त्याच्या आईने विचारलं, काय झालं?
किटबोकने समजावलं,
सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं.
"लग्न?" ती म्हणाली. "मी तर नुसतं पान दिलं."

बाबांचं तोंड भरलेलं होतं.
त्यांनी किटबोकचा हात मनगटाशी धरला,
थोडा उचलला खिडकीकडे,
तसाच ठेवला दोन क्षण.
मग मोरीत जाऊन चूळ भरून आले, आणि म्हणाले,
"चालेल."

तोवर आई कांदे आणायला
गच्चीचा जिना चढत होती,
कठड्याला हात न लावता.