नावे

ताळेबंदाचा शेवटचा आठवडा.
ट्रेंटकाठच्या या वीजघरात आता
आम्ही सहाजण, एक किटली,
आणि बाहेर आठ मनोरे,
ज्यांच्या तोंडाशी आज वाफ नाही.

मी घसारा मोजते:
बॉयलरचा, पट्ट्यांचा, राखेच्या वाघिणींचा.
इंग्रजीत हा शब्द नुसती किंमत उतरवतो,
आपल्याकडे तो खरवडतो.

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात आमच्याकडे,
मी नॉर्मन हॅलमला सांगितलं.
तो म्हणाला, उगाळता कशाला? आम्ही जाळला.
चौतीस वर्षं. दोन पोरं, फेडून झालेलं घर,
दर ऑगस्टात आठवडाभर स्केगनेसचा समुद्र.
हे जमेला धर.

धरलं.

मग दुसरी बाजू.
मराठीत खर्च कुणाच्या तरी नावे पडतो,
नाव लागतंच.
मी शोधत बसले
खोकल्याचं नाव. खिडकीच्या चौकटीवरच्या भुकटीचं.
(वारा इकडून असला की कँटीनची ग्लेनिस
धुणं बाहेर घालायची नाही.)
आणि कुठल्याशा तिसऱ्याच मुलखात
अजून तापायचं आहे त्या उन्हाचं.
ते खातं आम्ही उघडलंच नव्हतं.
म्हणून तर युनिट स्वस्त होतं.

हॅलमची टॅमझिन ग्रिम्सबीहून बोटीने
समुद्रातल्या पवनचक्क्यांवर जाते.
पगार बरा, करार अकरा महिन्यांचा,
भाड्याच्या खोलीसारखा.
ती म्हणते, वारा बिल लावत नाही.
बाप म्हणतो, तारा लावतात.
दोघंही बरोबर, हीच माझी पंचाईत,
वहीला एकच आकडा लागतो.

कुणीतरी आज पैसे ओतायचे,
कुणीतरी उद्या स्वस्तात ऊब घ्यायची,
आणि ते दोघे एका गल्लीत राहत नाहीत.
ग्लेनिस अजून दुकानात जाऊन
मीटरच्या किल्लीत दहा-दहा पौंड भरून आणते.
हीट पंपाचं गुळगुळीत पत्रक
तिने टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलंय.
टेबल आता हलत नाही, म्हणाली.

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं.
मनोरे नकोत, यंत्रं नकोत,
त्यांना बॅटऱ्या ठेवायच्या होत्या,
आणि हवी होती फक्त ग्रिडची जोडणी,
कुंपणाकडेची, गंजक्या पाटीमागची,
जिचा घसारा मी सोमवारीच
शून्यावर आणून ठेवला होता.

जाताना हॅलमने किटली मागितली.
मी ती खर्ची टाकली.
माझ्या नावे.