गाडीत जानेवारी

"बाई, तुमच्या गाडीत अजून जानेवारी आहे,"
वेंडेल म्हणाला डिकी उघडून,
आणि त्याने बारीक शीळ घातली.

बाहेर छत्तीस अंश. कनोलाची शेतं
क्षितिजापर्यंत पिवळी पेटलेली,
आणि माझ्या डिकीत वाळूच्या चार गोण्या,
बर्फात मागची चाकं फिरू नयेत म्हणून
नोव्हेंबरात टाकलेल्या.
गेल्या नोव्हेंबरात नव्हे. त्याच्याही आधीच्या.

मी गेले होते पेट्रोलची तक्रार घेऊन.
दर रविवारी विनयार्ड ते यॉर्कटन,
जाऊन-येऊन दोनशे ऐंशी किलोमीटर.
तिथल्या वृद्धाश्रमात माझी बहीण, स्तेफानिया.
आणि टाकी अशी रिकामी होते
जशी हॅरासिम मामांची बाटली व्हायची:
प्यायलं कोण, विचारलं तर
कुणीच नाही.

वेंडेल गाडीभोवती फिरला,
गुरांच्या बाजारात म्हातारी गाय बघावी तसा.
पुढच्या जाळीतून लोंबणारी वायर
(थंडीत इंजिनाला ऊब देणारी, रात्री भिंतीत खोचायची)
त्याने उचलून सोडून दिली.
"हिचं काही नाही. ही नुसती दिसते."
मग टायरवर अंगठा दाबला.
"हे थंडीचे. उन्हात मऊ पडतात,
डांबराला चिकटत चिकटत चालतात,
लग्नघरातून पाहुणे निघतात ना, तसे."
टपावरच्या दांड्या भाच्याच्या स्कीसाठी होत्या.
भाचा व्हँकूवरला गेला,
दांड्या राहिल्या,
आणि वारा त्यांच्यात हात घालून
दर रविवारी मला मागे ओढत होता.

"हवा पहाटे भरा, टायर जागे व्हायच्या आत.
गावात काचा खाली.
हमरस्त्यावर काचा वर, एसी बेताचा.
आणि एकशे दहा कशाला?
बहीण काही पळून जात नाही."

मी काही बोलले नाही.
गोण्या उतरवल्या. फावडं उतरवलं.
खाली, चाकाच्या खड्ड्यात,
कॉफीचा जुना डबा.
आत काड्यापेटी आणि मेणबत्ती,
उन्हाने वाकून
काठावर डोकं टेकून झोपलेली.

ती रात्र फोम लेकच्या अलीकडची.
रस्ता दिसेना, बॉनेट दिसेना,
पेट्रोल वाचवायचं म्हणून इंजिन बंद.
एक मेणबत्ती, आम्ही दोघी, अकरा तास.
झोप येऊ नये म्हणून स्तेफानिया
वडिलांच्या सगळ्या गाईंची नावं सांगत होती,
संपली की कोंबड्यांना नावं ठेवत होती,
नवी, त्याच रात्री सुचलेली.
पहाटे नांगराची गाडी आली तेव्हा
ती अठ्ठेचाळिसाव्या कोंबडीवर होती.

वेंडेलने डबा हातावर तोलला.
"दोनशे ग्रॅम," म्हणाला,
आणि होता तिथे ठेवून दिला.

रविवारी यॉर्कटनला टाकी भरून
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने भागाकार केला.
शंभराला साडेदहा लिटर होतं, आठ पूर्णांक तीन झालं.
हातचा धरून पुन्हा केला. तेच.
पाकीट घेऊन जवळजवळ धावतच गेले.

स्तेफानियाने आकडा पाहिला नाही.
"वाळू टाकलीस?"
"शेडमध्ये ठेवली आहे."
"आणि डबा?"
"आहे."
"मग ठीक," म्हणाली, आणि सूपमधली
गाजरं बाजूला काढू लागली,
नेहमीसारखी.

परतताना वारा थेट समोरून.
शेतं पूर्वेकडे लवलेली, सगळीच्या सगळी,
काटा डोळ्यांदेखत खाली येत होता.
जे वेंडेलने दिलं
ते वारा वसूल करत होता.
मी नव्वदवर आले, मग ऐंशीवर.
मागून धान्याच्या ट्रकने भोंगा वाजवला,
लांबलचक, चिडून,
आणि धूळ उडवत पुढे गेला.
मी काचेआडून हात केला.

फोम लेक आलं.
त्या वळणावर आज नुसतं गवत होतं,
आणि तारेवर एक कावळा, चोच उघडी, धापा टाकणारा.
"लुडमिला," मी म्हणाले. "ओरिस्या. पाराश्का."
अठ्ठेचाळीसपर्यंत कधीच आठवत नाहीत.

वाऱ्याचा हिशेब
मी पाकिटावर मांडला नाही.