सतरावी तोटी

रॉल्सच्या पूर्वेला, जिथे रस्ता वळायचा कंटाळा करतो,
लेलँड क्रेचमरच्या कपाशीवर
पाण्याचा लांबलचक लोखंडी हात
घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. एका फेरीला साडेतीन दिवस.
त्या उन्हाळ्यात त्याच्या सतराव्या तोटीत
एका कुंभारीण माशीने लाल मातीचं घर बांधलं.
अख्खा जुलै कुणाला पत्ता नाही.

मी विद्यापीठाकडून आले होते बियाणं मोजायला:
एकरी किती दाणे कमी टाकले
तर पीक रुसत नाही.
पाणी माझ्या प्रयोगात नव्हतंच.

ऑगस्ट सरताना पिकअपच्या टपावर चढले
आणि दिसलं: हिरव्यात एक फिकट वर्तुळ,
दोन ओळींच्या रुंदीचं, कंपासने आखल्यासारखं.
लेलँडने टोपी काढली, परत घातली.
आर्डिथ, त्याची वहिनी, हिशेबाची वही सांभाळते.
ती गाडीतूनच म्हणाली, किती गेले?
माझ्या मनात मात्र मराठी खुदकन हसली:
तोटी बंद, म्हणून तोटा.

नोव्हेंबरात, यंत्र यायच्या आदल्या दिवशी,
टेप धरली. तेरा फूट एक इंच,
चाळीस इंची ओळीत एवढा एकराचा हजारावा भाग.
सहा जागा वर्तुळात, सहा बाहेर.
हुडी कमरेला बांधून तिची ओटी केली
आणि दोन्ही हातांनी वेचायला लागले.
लेलँड बघत राहिला. त्याच्या आजोबांनंतर
या शेतात हाताने कुणी बोंड सोडवलं नव्हतं.
त्यानेही एक सोडवून पाहिलं. नखाखाली टोचलं,
तेव्हा मला म्हणाला, तुझं दुखत नाही?
दुखतं की.

तोलायला त्याचा मासे तोलायचा काटा.
आत अडीच पौंडांच्या जरा वर.
बाहेर अडीच पौंडांच्या जरा वर.
पुन्हा तोललं. काट्याला थापट मारली. पुन्हा.
मग बाहेरच्या पऱ्हाट्या नीट पाहिल्या:
शेंड्याला आठ-दहा बोंडं जास्त,
सगळी थंडीत सापडलेली, मिटलेली, सुपारीसारखी टणक.
शेवटच्या तीन आठवड्यांचं पाणी
आणि ते खोलवरून ओढणारी वीज
त्या सुपाऱ्यांत बसली होती.

आर्डिथ म्हणाली, पौंड नको सांगूस, डॉलर सांग.
सांगितले. तिने पेन्सिल कानामागे खोचली,
म्हणजे पटलं.
लेलँड तर त्याच संध्याकाळी
सगळ्या तोट्या बंद करायला निघाला.

मी म्हटलं, थांबा.
एका माशीच्या घरावर शेत चालवत नाहीत.
चार वेळा तेच व्हायला हवं,
आणि कुठली तोटी बंद, कुठली चालू
हे तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. चिठ्ठ्या टाकायच्या.
कुणी चर्चमध्ये पत्ते काढावेत
तसा त्याने माझ्याकडे पाहिलं.
मग टोपी उलटी करून पुढे धरली.

पहिल्या वर्षी सप्टेंबरभर पाऊस, सगळंच सारखं.
दुसऱ्या वर्षी गारांनी दोन तुकडे झोडपले.
तिसऱ्या वर्षी तीन तुकडे माझ्या बाजूने बोलले,
चौथ्यात, उतारावरच्या रेताड जागी,
बंद तोट्यांखाली पीक खरंच बसलं.
लेलँड म्हणाला, तो सोडून देऊ.
आर्डिथ म्हणाली, लिही.
मी आधीच लिहिलं होतं.

आता रेताड जागेला वेगळी तारीख आहे,
काळसर मातीला वेगळी,
आणि वीजबिलाच्या रकान्यात आर्डिथ
आकडा टाकण्याआधी पेन्सिलीला टोक करते, सावकाश,
जणू तो पळून जाणार आहे.

काल ऑगस्टची एकोणतीस तारीख.
टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या, लेलँड पाना घेऊन
तोट्या बंद करत चालला, मी मागून आकडे वाचत.
पंधरा. सोळा.
सतरावीशी थबकला.
ही? 
तिची चिठ्ठी निघाली नाही, म्हटलं. चालू राहील.
त्याने मान हलवली, पण जागचा हलला नाही.
तोटीभोवती एक कुंभारीण घिरट्या घालत होती,
तोंडात मातीची ओली गोळी.