फ्लेक्सच्या सावलीत

विजापूर वेशीत माझं दुकान, सहा बाय आठ.
पेट्या दुरुस्त करतो. भाता, पट्ट्या, सूर.
एप्रिलात पत्रा असा तापतो
की डबीतलं मेण आपोआप पातळ होतं,
म्हणून वर एक जुना फ्लेक्स ताणलाय, वाढदिवसाचा.
त्यावर विनीत कोडमूर. गॉगल. हातात माईक.
खाली आकडा: दोन कोटी.
काय दोन कोटी, ते उन्हानं उडालंय.

हा विनीत सातवीत असताना
साखर पेठेतल्या स्पर्धेत माझ्यासमोर गायलाय.
मी परीक्षक. नारळ, टॉवेल
आणि पन्नास गुणांचा कागद.
मी अठरा दिले.
'गंधार चढा' असं लिहिलं
आणि खाली झोकात सही केली: मशाक नदाफ.

आता तोच चढा गंधार
अक्कलकोट रोडला रात्रपाळीत चादरी विणतो,
रिक्षात बसतो, हळदीला नाचतो,
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याबरोबर वर जातो, खाली येतो.
माझी नात त्याच्यावर दात घासते.

आणि राचय्या?
राचय्या हिरेमठ, बँडात क्लॅरिनेट.
लाल कोट, सोनेरी झालर एकाच खांद्याला.
लग्नसराई संपली की माझ्या पायरीवर बसून वाजवायचा,
आणि ऐकायला आम्ही चौघं:
मी, चहावाला बसू, समोरचे सादूल मास्तर,
आणि मास्तरांची शेळी.
शेळीला धरून एकमत झालं होतं,
गुणी म्हणावा तर हाच.
जग बहिरं आहे, मी म्हणायचो.
म्हणायला बरं वाटतं.
बहिऱ्या जगात आपण तेवढे कानवाले.

पण राचय्या पिऊन आला की
अर्धी श्रुती खाली वाजवायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही.
एकदा रीड घरी विसरून वरातीला गेला,
रात्रभर नुसते गाल फुगवले.
त्याचे अठरा मी कधी कागदावर मांडलेच नाहीत.

माघात कन्ना चौकात वरात अडली.
पोरं ओरडली, विनीतचं लाव की ओ, मामा!
मी मेणाचा डबा घेऊन कडेला उभा,
राचय्याची कीव करायला तयार.
त्यानं वाजवलं.
दुसऱ्या ओळीत मधेच थांबला,
एवढाच,
की नाचणाऱ्याचा पाय हवेत राहावा,
आणि मग पुढं गेला.

रात्री पायरीवर विडी पेटवत म्हणाला,
'पोरानं तिथं श्वास घेतलाय बघ. चोरून.
दुसरा असता तर तिथं बोंबलला असता.'
'आणि गंधार?'
'चढाच आहे की. चढाच पाहिजे.
उतरवलास तर गाणं झोपतंय.'

रीड टोकाला घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो.
घासलेलं पितळ परत येत नाही.
चाळीस वर्षं हेच करतोय मी,
आणि त्या पोराला अठरा.

म्हणजे लोकांचं बरोबर?
तसंही नाही.
विनीतचं दुसरं गाणं आलंय आता.
मी तीनदा ऐकलं, राचय्यानं एकदाच.
त्यात कुठं श्वास नाही.
त्याला चार कोटी.
आणि त्या वरातीचे राचय्याला सहाशे मिळाले,
त्यातले शंभर बँडमास्तरनं कोटाच्या धुलाईचे कापले.
हे कुठल्या पट्टीत बसवायचं,
मला कुणी शिकवलं नाही.

दुपार झाली. फ्लेक्स फडफडतोय.
सावली बरी आहे.
चेहरा वरच्या अंगाला, कावळ्यांना दिसत असेल.
खालून नुसतं पांढरं.
समोर भजनी मंडळाची पेटी उघडून ठेवलीय,
संध्याकाळी न्यायला येतील.
गंधार किंचित चढा लागतोय.

कानस उचलली.
खाली ठेवली.
बसूला म्हणालो, दोन चहा. एक राचय्याचा.