पंचवीस इंच

जहाजाच्या कंपनीचा फॉर्म आला
तेव्हा रामबागेतल्या घरात मी टेप घेऊन बसले.
खुर्चीची रुंदी? पंचवीस इंच, चाकांसकट.
खुर्चीचं वजन? एकोणीस किलो.
माझंही विचारलं होतं. चार किलो कमी लिहिलं.
पायऱ्या चढता येतात का : होय, नाही, आधाराने.

बासष्ट वर्षांत इंदूरनं मला हे विचारलं नव्हतं.
इथे विचारत नाहीत, उचलतात.
'ओ भिया, जरा हात लावा' म्हटलं की
चार माणसं कुठूनही उगवतात,
एकाच्या हातात अजून पोह्यांचा द्रोण असतो,
आणि मी बँकेत, मी मंगल कार्यालयात, मी मतदानाला
गणपतीसारखी, डुलत.
पुढच्या वर्षी लवकर या, एवढंच कुणी म्हणत नाही.

लघाटेकाकूंनी विचारलं, बोटीवर तू करणार काय?
तुम्ही कराल तेच, म्हटलं. बसून राहीन.

खोलीचं दार बत्तीस इंच निघालं.
न्हाणीघराला उंबरा नव्हता.
पहिल्या रात्री मी तीनदा आत गेले, बाहेर आले,
काहीही काम नसताना.

तिसऱ्या रात्री समुद्र खवळला.
जेवणाच्या टेबलांवरून बशा घसरल्या,
दोनशे धडधाकट माणसं
भिंती चाचपत, एकमेकांची बखोट धरत,
नुकती चालायला शिकल्यासारखी.
भाची शाल्मली बादलीत तोंड घालून बसलेली.
मी दोन्ही ब्रेक लावले आणि कस्टर्ड संपवलं.
एक जाडे गृहस्थ माझ्या खुर्चीची मूठ धरून उभे राहिले,
'बस एक मिनिट, बेन.'
धरा, म्हटलं. सावकाश.
फार बरं वाटलं मला. लपवून काय उपयोग.

सकाळी बेट आलं. जहाज लांबच थांबलं,
पुढे छोट्या होडीनं जायचं, चार हलत्या पायऱ्या उतरून.
टोपी काखेत धरून कोवळा अधिकारी म्हणाला,
सॉरी मॅडम, प्रवाशाला उचलायची परवानगी नाही.
उचलायची परवानगी नाही!
मला हसूच आलं, मग हसू फिसकटलं.
शाल्मलीला म्हटलं, तू जा.
तिनं मागे वळून पाहिलं नाही. शहाणी आहे.

मग ते सगळं जहाज माझं.
बेट समोर, नखाच्या कडेएवढं हिरवं.
मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले,
पुन्हा आले, पुन्हा गेले.
उतार नाही, खड्डा नाही,
पाठीवर कुणाचा मदतीचा हात नाही.
तळव्यांना फोड आले तेव्हा थांबले.
बेट तिथंच होतं, अजून.

संध्याकाळी शाल्मली परतली, घोट्यांना वाळू चिकटलेली.
थांब, पुसू नकोस, म्हटलं,
आणि बोटानं थोडी काढून घेतली.

घरी आल्यावर मुन्नालाल मिस्त्रीला बोलावलं.
एक इंच चढाला बारा इंच उतार :
तीस वर्षं गणित शिकवलं आहे, पाटीवर काढून दाखवलं.
ओटा बावीस इंच, म्हणजे उतार बावीस फूट,
म्हणजे थेट लघाट्यांच्या स्कूटरपर्यंत.
'इतना लंबा, मैडम? बच्चे उठा लेंगे ना आपको.'
उठा लेंगे, म्हटलं. तू बांध.

लघाट्यांशी दोन दिवस बोलणं बंद.
तिसऱ्या दिवशी स्कूटर पलीकडे दिसली,
काकू मात्र अजून दिसल्या नाहीत.

ओल्या सिमेंटवरून रात्री एक कुत्रं गेलं.
खालून वर, सरळ, न घसरता.
'मिटा दूँ?' मुन्नालालनं थापी उचलली.
राहू दे, म्हटलं.
कुणीतरी आधी चालून बघायला हवंच होतं.