उताऱ्याच्या आधारे

साठ शब्द, पाच प्रश्न, शिवाय एक चित्र;
ते कानड्यांचा भाचा काढतो.
उताऱ्यामागे चाळीस रुपये.
हत्ती झाला, खार झाली,
मधमाशी दोनदा लिहावी लागली,
पहिल्या खेपेला तिच्यात 'परागीभवन' आलं होतं.
"जोडाक्षरं कमी, बाई. दुसरीची मुलं आहेत,"
आप्पा बळवंत चौकातल्या पोटमाळ्यावर
गाईडांच्या गठ्ठ्यांआडून कानडे म्हणाले,
"आणि उत्तर उताऱ्यातच हवं.
बाहेरचं काही नको."

बाहेरचं म्हणजे कुठपासून, ते मी विचारलं नाही.

एकोणिसावा उतारा मांजराचा.
'मनी माळ्यावर राहते. तिला तीन पिल्ले आहेत.
पिल्लांचे डोळे अजून बंद आहेत.
मनी एकेका पिल्लाला तोंडात धरते
आणि नव्या जागी नेते.
बोक्याला जागा कळू नये, म्हणून ती असे करते.'
चौथा प्रश्न: मनी पिल्लांची जागा का बदलते?
उत्तर शेवटच्या ओळीत, 'म्हणून'ला बांधलेलं.
दावं दिसतंय, गाय दिसतेय,
चुकणार कोण?

छापायला देण्याआधी उतारे मी
खालच्या मजल्यावर करून बघते.
कार्तिकी बिडवे, इयत्ता दुसरी, तुकडी ब.
वरचे दोन दात पडलेत,
'पिल्लांचे' म्हणताना वहीवर थुंकी उडते,
ती फ्रॉकने पुसते, पुढे वाचते.
बोट ओळीखालून सरकत जातं
आणि पूर्णविरामाशी थांबतं.
सिंहगड रस्त्यावर लाल दिव्याला
इतकं मनापासून कुणी थांबत नाही.

पहिली तीन बरोबर.
चौथ्याखाली, दोन ओळींच्या जागेत,
टोक मोडेपर्यंत दाबून:
'अकरा महिने झाले म्हणून.'

मी म्हटलं, पुन्हा वाच बरं,
उत्तर उताऱ्यात आहे.
तिने वाचलं. मोठ्याने. बोक्यासकट.
मग माझ्याकडे बघितलं,
वर्गातल्या मागे पडलेल्या मुलीकडे बघावं तसं.
"अकरा महिने झाले की जायचंच असतं.
आम्ही धनकवडीत होतो, मग आंबेगावला, मग नऱ्ह्याला.
पप्पा मशीनवर अंगठा लावतात
आणि टेम्पो येतो."
थोडं थांबून, मनीची बाजू घेत:
"तिला टेम्पो लागत नाही पण.
तिची पिल्लं तोंडात मावतात."

लाल पेनाचं टोपण मी काढलं होतं.
परत लावलं.
'मांजर सात घरं फिरवते पिल्लांना'
हे आईचं वाक्य मीच आधी लिहिलं होतं;
शब्द चौसष्ट झाले, म्हणून खोडलं.
म्हणून.
माझंही एक दावं, गाय कुठे गेली कोण जाणे.

पाचवा प्रश्न तिने सोडला.
'तुमच्या घरी कोणता प्राणी आहे?'
"लिहू नको म्हणाली मम्मी,
कुणी मालकांना दाखवलं तर?"
मग कानाशी येऊन नाव सांगितलं.
ते मी इथे लिहीत नाही.

रात्री उत्तरसूची केली,
शेवटच्या पानावर उलटी छापतात ती.
एकोणीस, चार: बोक्याला जागा कळू नये म्हणून.
टंक केलं. बराच वेळ बघत बसले.
उलटं धरलं तरी तेच.

सकाळी कानड्यांना फोन.
एकोणिसाव्या उताऱ्यात, चौथ्या प्रश्नाखाली
एक ओळ वाढवून द्या.
"दोन पुरतात, बाई."
नाही पुरत.
"कागदाचा भाव माहितीय का तुम्हाला?
पान फुटेल. कुठून आणू जागा?"

चित्र लहान करा, म्हटलं.
मनी बसेल कोपऱ्यात.
तिला सवय आहे.