अठ्ठ्याहत्तरावं मिनिट

पाय ठीक होते तिचे.
हे आधीच सांगते, कारण नंतर बाकावर
फिजिओ तिच्या पोटऱ्या दाबत बसला होता
आणि विचारत होता, इथे दुखतं? मग इथे?
इथे नव्हतं दुखत.

दोबरवाडीचं मैदान, गोलसमोरची माती उखडलेली,
कुंपणापलीकडे घोरपडीच्या फाटकाला तुंबलेले हॉर्न,
आणि मी गोलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मागे,
जिथून सगळं दिसतं
आणि ओरडण्यापलीकडे काही करता येत नाही.

शर्वाणी भोईटे. आठ नंबर.
चेंडू पायात यायच्या आधी ती मान दोनदा फिरवायची,
उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे नुसती नजर,
रस्ता ओलांडणाऱ्या शहाण्या माणसासारखी.
पुण्यात असं कोणी करत नाही,
म्हणूनही असेल, मला तिचा खेळ आवडायचा.

त्या दिवशी पहिल्या हाफमध्येच दोनदाचं एकदा झालं.
मग तेही नाही.
चेंडू येईल तसा, आला तिकडेच परत.
मागून मी हाका मारत राहिले: वेळ आहे गं, वळ, वळ!
वेळ होता. वळणारी नव्हती.

मार्चअखेर चाललेला.
सकाळी आठपासून खराडीत ती विम्याचे दावे तपासून आलेली.
मोडलेला खुबा, मंजूर.
मोतीबिंदू, मंजूर.
जुना मधुमेह लपवलेला, नामंजूर, मग सही बघून थांबली,
सही अंगठ्याची होती, तरी नामंजूर.
पित्ताशय, कागद अपुरे.
एकशे नव्वद माणसं दिवसभरात,
आणि एकालाही चेहरा नाही.
बसमध्ये बूट मांडीवर घेऊन आली होती,
कुठल्या स्टॉपला उतरायचं ते कंडक्टरने सांगितलं.

तर अठ्ठ्याहत्तरावं मिनिट.
आमच्या तिघी, त्यांच्या दोघी.
उजवीकडे महजबीन मोकळी, हात वर.
डावीकडे ग्लोरिया, तीही मोकळी.
मधून स्वतः मारला असता तरी चाललं असतं.
तिन्ही बरोबर होतं. तेच वाईट.
चेंडूवर तळवा ठेवून ती उभी राहिली,
रांगेत तास काढून खिडकीशी पोचल्यावर
काय काम होतं तेच विसरलेल्या माणसासारखी.
एक सेकंद. फार तर दीड.
बाहेरून सर ओरडले, अगं डोकं वापर!
वापरून वापरूनच तर संपलं होतं.

तिथून सुटलेला चेंडू थेट माझ्या दारात आला.
पेनल्टी कशी झाली ते सोडा,
माझ्याच हाताने झाली.

आता माझं सांगते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.
मला डावीकडे झेपायचं होतं.
किंवा उजवीकडे. ती पोरगी धावत येत होती
आणि माझ्या मनात घरचा गॅस बंद केला की नाही, एवढंच.
शिट्टी ऐकू आली का, तेही आठवत नाही.
मी कुठेच गेले नाही.
चेंडू सरळ छातीवर आदळला, बाहेर गेला.
सगळ्या धावत आल्या. काय शांत डोकं!
सर अजून नव्या मुलींना ते उदाहरण देतात:
बघा, ही हलली नाही, ह्याला म्हणतात निर्णय.
मी मान डोलावते. शर्वाणीसमोर मात्र नाही.

मॅच बरोबरीत सुटली.
पुलगेटच्या टपरीवर पोऱ्याने विचारलं, चहा की कॉफी?
साधाच प्रश्न, पण तिचे डोळे भरून आले.
मी म्हटलं, दोन चहा.
साखर? कमी.
क्रीमरोल? एकच दे, दोघीत.
कोपऱ्यातलं बाक दाखवलं, ती बसली.

बराच वेळ ग्लासातल्या वाफेकडे बघत होती.
मला वाटलं त्या पासबद्दल काहीतरी बोलेल.
म्हणाली,
तो पित्ताशयवाला,
त्याचं शेवटी मी काय केलं गं?